होंडाच्या इंजिनात सुझुकीचे पिस्टन: स्वस्तातल्या टर्बोचा हिशोब

मागच्या दोन लेखांत आपण नॉकिंग म्हणजे काय आणि ऑक्टेन नंबर कशाला म्हणतात ते पाहिलं. आज तीच सगळी माहिती एका खऱ्याखुऱ्या जुगाडावर वापरून बघू. हा जुगाड अमेरिकेतल्या होंडा सिव्हिकवाल्या पोरांनी गाजवला. साध्या सिव्हिकला टर्बो लावायचा, पण महागडे फोर्ज्ड पिस्टन घ्यायला खिशात पैसे नाहीत, मग काय करायचं? तर सुझुकी व्हिटाराचे पिस्टन आणायचे आणि होंडाच्या ब्लॉकमध्ये घालायचे.

ऐकायला विचित्र वाटतं, पण ते बसतात. बरेच जण असं इंजिन वर्षानुवर्षं चालवतात, तर काहींचं पहिल्याच महिन्यात फुटतं. पिस्टन तेच, इंजिनही तेच, मग फरक कुठे पडतो? या पिस्टनमुळे नक्की काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते आज आकडे मांडून बघू. सगळं गणित शाळेतल्या कॅल्क्युलेटरवर होईल इतपतच आहे.

हे दोन इंजिन जुळतात तरी कसे?

होंडाच्या डी मालिकेतलं डी१६झेड६ हे इंजिन अमेरिकेत १९९२ ते १९९५ च्या सिव्हिक ईएक्स आणि एसआय मॉडेलांत यायचं. बोअर ७५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, चार सिलिंडर मिळून १,५९० सीसी. आता सुझुकीचं जी१६ घ्या, म्हणजे व्हिटाराचं १.६ लिटर इंजिन. त्याचाही बोअर ७५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी आणि एकूण १,५९० सीसी. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे आराखडे, आणि सिलिंडरची मापं मिलिमीटरला मिलिमीटर तीच.

गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी पिन, तीसुद्धा दोन्हीकडे १९ मिमी. फरक आहे तो पिस्टनच्या डोक्यात. व्हिटाराच्या पिस्टनला वरून खोलगट वाटी आहे. त्यामुळे तो होंडात घातला की मूळचं ९.२ चं कॉम्प्रेशन साधारण ८.५ च्या आसपास उतरतं. नेमका आकडा हेड कुठलं आणि गॅस्केट किती जाड यावर ठरतो.

आणि हे कंपनीचे रोजच्या दुरुस्तीचे पिस्टन असल्यामुळे फोर्ज्ड सेटच्या मानाने बरेच स्वस्त पडतात. एवढ्यावर लोक खूश होतात. आपण पुढे जाऊ.

०.७ चा फरक म्हणजे नक्की किती?

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन अगदी खाली असताना वर असलेली सगळी जागा भागिले पिस्टन अगदी वर असताना उरलेली जागा. ७५ मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोक घेतला तर एका सिलिंडरमध्ये पिस्टन ३९७.६ सीसी जागा झाडतो. रेशो ९.२ असेल तर वर उरलेली जागा होते ३९७.६ भागिले ८.२, म्हणजे ४८.५ सीसी. रेशो ८.५ साठी तीच जागा लागते ५३ सीसी.

फरक आहे फक्त ४.५ सीसीचा. म्हणजे एक चहाचा चमचासुद्धा भरत नाही!

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्यात आहे. ७५ मिमी बोअरच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ ४४.२ चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे पिस्टनचं डोकं १ मिमी खाली बसलं तरी ४.४ सीसी जागा वाढते. वाटीची खोली, पिस्टनची उंची, गॅस्केटची जाडी यांपैकी कशातही अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर तुम्ही ज्या ०.७ साठी एवढा खटाटोप केलात त्यातला अर्धा भाग गायब होतो. किंवा नको तेवढा जास्त मिळतो. 'कुणीतरी ८.५ होतं म्हणालं' यावर विसंबून राहू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

कॉम्प्रेशन कमी का करायचं?

थोडी उजळणी करू. स्पार्क पडला की ज्योत प्लगपासून बाहेर पसरत जाते. जो भाग अजून पेटायचा आहे तो कोपऱ्यात दाबला जातो आणि तापतो. याला एंड गॅस म्हणतात. ज्योत पोचायच्या आत तो आपणहून भडकला तर दाबाच्या लाटा उसळतात आणि इंजिन ठोकायला लागतं. हेच नॉकिंग.

म्हणजे ही एक शर्यत आहे. एका बाजूला ज्योत आणि दुसऱ्या बाजूला एंड गॅसचं घड्याळ. त्या घड्याळात किती वेळ आहे याला इग्निशन डिले म्हणतात. दाब आणि तापमान सतत बदलत असताना हे घड्याळ कसं मोजायचं, याची पद्धत लिव्हनगुड आणि वू यांनी १९५५ साली मांडली. पुढे १९७८ मध्ये डुओ आणि एझा या फ्रेंच संशोधकांनी पेट्रोलसाठी एक सोपं सूत्र दिलं. आजही नॉकिंगवरच्या अभ्यासाची सुरुवात बरेचदा या सूत्रानेच होते. ते शब्दांत असं सांगता येईल:

- दाब वाढला की डिले कमी होतो, दाबाच्या १.७ व्या घाताच्या प्रमाणात.
- तापमान वाढलं की डिले घातांकी वेगाने कमी होतो. सूत्रात ३,८०० भागिले तापमान, असं पद येतं. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं.
- ऑक्टेन वाढला की डिले वाढतो, ऑक्टेनच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात.

टर्बो लावला की दाब वाढतो आणि हवा तापते. दोन्ही गोष्टी घड्याळाच्या विरोधात जातात. म्हणून कॉम्प्रेशन कमी करून थोडी भरपाई करायची, हा व्हिटारा पिस्टनमागचा विचार. विचार बरोबरच आहे. प्रश्न आहे भरपाई किती होते हा.

आता खरा हिशोब

समजा बाहेरची हवा ३० अंश सेल्सियस आहे, म्हणजे ३०३ केल्विन. टर्बोने ०.५ बार बूस्ट दिला, म्हणजे हवेचा दाब दीडपट केला. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरू. हवा दाबली की तापते, आणि या हिशोबाने ती सुमारे ५७ अंशांनी तापते. म्हणजे इंजिनात शिरणारी हवा ८७ अंश सेल्सियस, अर्थात ३६० केल्विन.

मध्ये इंटरकूलर लावला आणि त्याने वाढलेल्या उष्णतेतला ७० टक्के भाग काढून घेतला, तर हवा ४७ अंशांवर येते. म्हणजे ३२० केल्विन.

पुढे सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा आणखी दाबली जाते. त्यासाठी गॅमा १.३५ धरला तर ९.२ रेशोला केल्विनमधलं तापमान २.१७ पट होतं आणि ८.५ ला २.१२ पट. दाब अनुक्रमे २० पट आणि १८ पट.

हे आकडे वापरून इंटरकूलर असलेल्या इंजिनात काय होतं ते बघा. मूळ पिस्टनने कॉम्प्रेशनच्या शेवटी तापमान ६९६ केल्विन आणि दाब ३० बार. व्हिटाराच्या पिस्टनने तापमान ६७७ केल्विन आणि दाब २७ बार.

म्हणजे इंजिन उघडून, हेड काढून, पिस्टन बदलून, लेथवाल्याला पैसे देऊन आपण काय मिळवलं? १९ अंश आणि ३ बार.

आता पिस्टन तेच ठेवा, व्हिटाराचेच, आणि फक्त इंटरकूलर काढून टाका. हवा ३२० ऐवजी ३६० केल्विनने आत येते आणि कॉम्प्रेशनच्या शेवटी ७६१ केल्विनवर जाते. इंटरकूलर एकटा ८४ अंशांचं काम करत होता! पिस्टनच्या चौपटीहून जास्त.

आता हे सगळं डिलेच्या सूत्रात घालू. टर्बो नसलेल्या मूळ इंजिनाच्या घड्याळाला १०० मानू. टर्बो लावल्यावर त्यातलं किती शिल्लक राहतं ते असं:

- ०.५ बार बूस्ट, इंटरकूलर नाही, मूळ पिस्टन: २०
- ०.५ बार बूस्ट, इंटरकूलर नाही, व्हिटारा पिस्टन: २८
- ०.५ बार बूस्ट, इंटरकूलर आहे, मूळ पिस्टन: ३७
- ०.५ बार बूस्ट, इंटरकूलर आहे, व्हिटारा पिस्टन: ५२

ही यादी दोनदा वाचा. व्हिटारा पिस्टन घालून इंटरकूलर न लावणारा माणूस २८ वर आहे. पिस्टनला हातही न लावता फक्त इंटरकूलर लावणारा ३७ वर आहे. म्हणजे ज्याने इंजिन उघडलंच नाही तो जास्त सुरक्षित जागी उभा आहे.

पिस्टन बदलल्याने घड्याळ साधारण १.४ पट होतं, इंटरकूलरने १.८५ पट. पेट्रोलचं काय? ९१ ऐवजी ९५ ऑक्टेन वापरलं तर १.१६ पट, आणि ९१ वरून थेट १०० वर गेलात तर जवळजवळ १.४ पट. म्हणजे या सूत्राच्या मते १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणि व्हिटाराचा पिस्टन साधारण सारखंच काम करतात.

एक खुलासा करायला हवा. हा हिशोब कॉम्प्रेशनच्या शेवटच्या क्षणाचा आहे. प्रत्यक्षात ज्योत पेटल्यावर एंड गॅस आणखी दाबला जातो, पेट्रोलच्या वाफेमुळे हवा थोडी गार होते, गरम व्हॉल्व्हमुळे थोडी तापते. पूर्ण सिम्युलेशन केलं की आकडे बदलतात, आणि इंटरकूलर व पिस्टन यांच्यातलं अंतर थोडं कमी होतं. पण क्रम तोच राहतो: इंटरकूलर आधी, पिस्टन नंतर.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सगळं करूनही आपण ५२ वरच आहोत, १०० वर नाही. त्यावर १०० ऑक्टेन ओतलं तरी ७१ च्या आसपास. उरलेली तूट कोण भरणार? ती भरते इग्निशन टायमिंग. बूस्ट येईल तसा स्पार्क उशिरा द्यायचा, म्हणजे एंड गॅसवर दाब कमी चढतो. मिश्रणात पेट्रोल थोडं जास्त द्यायचं. हे काम ईसीयूचं, म्हणजे ट्यूनिंगचं. मूळ ईसीयूला बूस्ट म्हणजे काय हे माहीतच नसतं. पिस्टन बदलून ट्यूनिंगचे पैसे वाचवले, तर पहिल्याच महिन्यात फुटणाऱ्या इंजिनांच्या यादीत तुमचं नाव जाणार.

स्वस्त पिस्टन मजबूत असतो का?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. 'टर्बो पिस्टन घातले' म्हटलं की वाटतं, आता इंजिन जास्त मार सहन करेल. पण व्हिटाराचा पिस्टनसुद्धा ओतीवच आहे, होंडाच्या मूळ पिस्टनसारखाच. व्हिटाराच्या इंजिनाला टर्बो नव्हता, त्यामुळे सुझुकीने हा पिस्टन टर्बोसाठी घडवलेला नाही. त्याच्याकडे आपल्या कामाची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे डोक्यावरची वाटी.

ओतीव पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असतं. त्यामुळे तो कमी फुगतो, सिलिंडरमध्ये कमी फटीने बसवता येतो आणि थंड इंजिनात खडखडत नाही. पण तो ठिसूळही असतो. सतत नॉकिंग झालं की वरच्या दोन रिंगांमधली भिंत, म्हणजे रिंग लँड, तुकडा पडून निघते. फोर्ज्ड पिस्टन तिथे आधी वाकतो, थोडी मुभा देतो. ओतीव पिस्टन मुभा देत नाही, सरळ तुटतो.

आणि पिस्टन वाचला तरी रॉड आहेतच. रॉडवर येणारा जोर टॉर्कबरोबर वाढतो. पिस्टनने कॉम्प्रेशन कमी केलं म्हणून रॉड काही जाड होत नाही. डी मालिकेत मूळ रॉड वाकल्याच्या तक्रारी काही कमी नाहीत. त्यामुळे बूस्ट कुठे थांबवायचा हे बहुतेक वेळा रॉड ठरवतो.

रिंगची फट: फुकटातलं सगळ्यात मोठं काम

पिस्टन बसवताना एक काम अक्षरशः फुकट होतं आणि त्यावर इंजिनाचं आयुष्य अवलंबून असतं. ते म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट मोजणं.

७५ मिमी बोअरमध्ये बसलेल्या रिंगचा परीघ २३५.६ मिमी असतो. ओतीव लोखंडाची रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा समजा १०० अंशांनी जास्त तापली, तर ती सुमारे ०.२६ मिमीने लांबते. फट त्याहून कमी असेल तर टोकं एकमेकांना भिडतात. मग रिंगला जायला जागा नसते, ती भिंतीवर घट्ट दाबली जाते आणि शेवटी रिंग लँड उखडून काढते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नॉकिंगने पिस्टन फुटला. खरं कारण कानसीने दोन मिनिटांत टाळता आलं असतं.

इंजिन बांधणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम चालतो. साध्या इंजिनात दर इंच बोअरमागे चार हजारांश इंच फट, टर्बोत पाच किंवा थोडी जास्त. ७५ मिमीला ते साधारण ०.३० आणि ०.३८ मिमी होतं. पण रिंग बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. प्रत्येक रिंग तिच्या स्वतःच्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने मोजा, आणि कमी असेल तर कानसीने घासा. चार सिलिंडर, प्रत्येकी दोन रिंगा, एका दुपारचं काम.

बसतो की नाही, हे कसं ठरवायचं?

व्हिटारा-होंडा ही जोडी प्रसिद्ध आहे, पण पद्धत कुठल्याही दोन इंजिनांना लागू आहे. एका इंजिनाचा पिस्टन दुसऱ्यात घालायचा तर बोअर जुळणं ही फक्त पहिली पायरी. पुढे हे तपासायचं:

पिन. व्यास जुळायलाच हवा. शिवाय पिन रॉडमध्ये घट्ट दाबून बसवलेली आहे की मोकळी फिरते आणि कडेला सर्कलिप आहे, हे बघा. होंडाच्या मूळ रॉडमध्ये ती दाबून बसवलेली असते. त्यासाठी प्रेस लागते, हातोडीने करायचं काम नाही.

रॉडच्या लहान टोकाची रुंदी. पिस्टनच्या आतल्या दोन कानांमध्ये जेवढी जागा असेल तेवढ्यात रॉड मोकळेपणाने मावला पाहिजे. व्हर्नियर लावून दोन्हीकडे मोजा. न मावल्यास रॉडचं टोक लेथवर कमी करावं लागतं.

कॉम्प्रेशन हाइट. पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या सपाट माथ्यापर्यंतची उंची. जास्त असेल तर पिस्टन ब्लॉकच्या वर डोकावेल, कमी असेल तर खाली बुडेल. वर पाहिलंच, १ मिमी म्हणजे ४.४ सीसी.

व्हॉल्व्हच्या खाचा. व्हॉल्व्ह उघडे असताना पिस्टन वर येतो तेव्हा दोघांमध्ये पुरेसं अंतर हवं. पिस्टनच्या माथ्यावर मऊ क्ले लावा, हेड गॅस्केटसह बसवा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढा आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजा. सुझुकीच्या खाचा सुझुकीच्या व्हॉल्व्हसाठी कोरल्या आहेत, होंडाच्या नव्हे.

भिंतीशी असलेली फट. पिस्टनचा व्यास पिस्टनवाल्याने सांगितलेल्या जागीच मोजायचा. पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि वरपासून खालपर्यंत सारखाही नसतो. जुना ब्लॉक झिजलेला असेल तर 'स्टँडर्ड' पिस्टन त्यात सैल बसणार.

वजन. चारही पिस्टन एकमेकांशी जुळले पाहिजेत. ग्रॅम दाखवणारा किचनचा वजनकाटा पुरतो.

हे सगळं झाल्यावर शेवटची खात्री. क्रँकवर पिस्टन बसवून, डायल गेजने तो अगदी वर असताना ब्लॉकच्या किती खाली आहे ते बघा. पिस्टनच्या वाटीवर आणि हेडच्या पोकळीवर भोक पाडलेली ॲक्रेलिकची पट्टी ग्रीस लावून ठेवा आणि ब्युरेटने पाणी किंवा पातळ तेल सोडा. किती सीसी मावलं ते वाचा. गॅस्केटची दाबल्यानंतरची जाडी धरा. सगळ्याची बेरीज करा आणि रेशो स्वतः काढा. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या लॅबमधली ब्युरेट या कामाला उत्तम.

तोच रेशो, पण दोन वेगळी इंजिनं

आता एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. ४.५ सीसी जागा दोन मार्गांनी वाढवता येते. एक, पिस्टनच्या मध्ये वाटी कोरून. दोन, पिस्टन १ मिमी खाली बसवून किंवा हेड गॅस्केट १ मिमी जाड घालून. कागदावर रेशो तोच येतो, ८.५.

पण इंजिनाला ते सारखं नसतं. सिलिंडरच्या कडेला हेडची सपाट जागा आणि पिस्टनचा सपाट माथा एकमेकांच्या अगदी जवळ येतात, साधारण मिलिमीटरभर अंतरापर्यंत. त्यातलं मिश्रण पिळून मध्यभागी फेकलं जातं. याला स्क्विश म्हणतात. याचे दोन फायदे: मध्ये खळबळ माजून ज्योत वेगाने पसरते, आणि कडेला, जिथे एंड गॅस साठतो तिथे, भडकायला मिश्रण फारसं उरतच नाही. शिवाय पातळ थर दोन्ही बाजूंच्या धातूमुळे गार राहतो.

जाड गॅस्केट घालून ही फट १ वरून २ मिमी केली की स्क्विश मरतो. कॉम्प्रेशन कमी झालं म्हणून घड्याळ जरा वाढतं, पण ज्योतही मंदावते. शर्यतीत दोघेही हळू पळायला लागले तर आपल्या हाती काय आलं? म्हणून स्वस्तातला टर्बो करताना 'दोन गॅस्केट एकावर एक' हा उपाय मी कुणालाही सुचवणार नाही. वाटीवाला पिस्टन चांगला असतो तो या कारणाने, पण त्याचा सपाट काठ ब्लॉकच्या पातळीजवळ आला तरच. तो खाली बुडत असेल तर वाटीचा निम्मा फायदा गेला. डायल गेजचं महत्त्व इथे कळतं.

किंमत काय मोजावी लागते?

कॉम्प्रेशन कमी केलं की बूस्ट नसताना, म्हणजे रोजच्या ट्रॅफिकमध्ये, इंजिन थोडं आळशी होतं. याच आकड्यांनी आदर्श चक्राची कार्यक्षमता काढली तर ती ५४ टक्क्यांवरून ५२.७ वर येते. प्रत्यक्ष इंजिनाची कार्यक्षमता यापेक्षा बरीच कमी असते, पण प्रमाण साधारण तेच राहतं. म्हणजे त्याच कामाला अडीच टक्के जास्त पेट्रोल. फार नाही, पण तेही फुकट नाही.

आपल्याकडे याचा संबंध काय?

भारतात १९९८ मध्ये आलेल्या होंडा सिटीचं १.५ इंजिन याच डी मालिकेतलं, बोअर ७५ मिमी. आणि १९९९ मध्ये आलेल्या मारुती बलेनोचं १.६ इंजिन सुझुकीच्या जी१६ घराण्यातलं, बोअर तोच. त्यामुळे ही चर्चा आपल्याकडच्या जुन्या सिटीवाल्यांमध्येही होते. पण १.५ सिटीचा स्ट्रोक ८४.५ मिमी आहे, रॉड आणि हेडही डी१६ चे नाहीत. अमेरिकेतला ८.५ चा आकडा इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. नव्याने मोजायचं.

दुसरं म्हणजे ऑक्टेन. अमेरिकेतल्या पंपावर जो आकडा दिसतो तो आरओएन आणि एमओएन यांची सरासरी असतो, आपल्या पंपावरचा आरओएन असतो. त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६. 'अमेरिकेत ९१ वर चालतं, मग आपल्याकडेही चालेल' या तर्कात चार-पाच ऑक्टेनचा खड्डा आहे, आणि तो नेमका आपल्याच अंगावर येतो.

तिसरं म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल मालकाला मनाने करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. विमा आणि पीयूसीचे प्रश्न वेगळेच. ट्रॅकसाठी, प्रोजेक्टसाठी, टेस्ट बेंचसाठी करत असाल तर गोष्ट निराळी. रस्त्यावर चालवायचा विचार असेल तर पिस्टन मागवायच्या आधी आरटीओत विचारून या.

मग पैसे कुठे घालायचे?

बजेट तुटपुंजं असेल तर माझा क्रम असा राहील. पहिलं, ईसीयूचं ट्यूनिंग आणि मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर, कारण त्याशिवाय काय चाललंय हेच कळत नाही. दुसरं, चांगला इंटरकूलर. तिसरं, जिथे परवडेल आणि मिळेल तिथे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. आणि चौथ्या क्रमांकावर पिस्टन, तेही इंजिन दुसऱ्या कारणाने उघडलेलं असेल तर. रिंगा बदलायच्याच आहेत, ब्लॉक लेथवर गेलाच आहे, तर मग वाटीवाला पिस्टन घालणं शहाणपणाचं. ०.५ बारच्या टर्बोसाठी मुद्दाम इंजिन उघडायचं कारण मला आकड्यांत दिसत नाही.

हे सगळे आकडे ०.५ बारचे आहेत. तुमच्या मनात ०.८ किंवा १ बार असेल तर वरची सूत्रं घेऊन स्वतः हिशोब करा. बूस्टसोबत दाब आणि तापमान दोन्ही चढतात, त्यामुळे घड्याळ किती पटकन आखडतं ते बघून धक्का बसेल. कुणी करून पाहिलं तर खाली आकडे नक्की टाका, मी तपासून देईन. पुढच्या लेखात बघू, नॉक सेन्सरला सिलिंडरच्या आतला ठोका बाहेरून कसा ऐकू येतो.